बसचा ठोका: ओव्हरक्लॉकिंग आणि विस्तार बसचा इतिहास

संगणकाच्या मदरबोर्डवर डिस्प्ले कार्ड, साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड असे जादा भाग बसवण्यासाठी स्लॉट असतात. या स्लॉटना प्रोसेसर आणि मेमरीशी जोडणाऱ्या वाहिन्यांच्या संचाला विस्तार बस म्हणतात. बसवरची प्रत्येक देवघेव एका ठरावीक ठोक्यावर चालते. सेकंदाला असे किती ठोके पडतात, ते मेगाहर्ट्झ या एककात सांगतात. एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख ठोके. प्रोसेसरलाही असाच ठोका लागतो. उत्पादकाने नेमून दिलेल्या ठोक्यापेक्षा जलद ठोक्यावर प्रोसेसर चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

या उद्योगाचा संबंध वरवर पाहता फक्त प्रोसेसरशी येतो. प्रत्यक्षात घरगुती संगणकाच्या पहिल्या दोन दशकांत ओव्हरक्लॉकिंग कुठवर जाईल, हे अनेकदा विस्तार बस ठरवत असे. प्रोसेसरचा आणि बसचा ठोका एकाच उगमातून निघत असल्याने एक वाढवला की दुसराही वाढे. प्रोसेसर तो वाढीव वेग सहज पेलत असे, पण वेगवेगळ्या कारखान्यांत, वेगवेगळ्या वर्षी बनलेली कार्डे आणि हार्ड डिस्क तो पेलतीलच याची शाश्वती नसे. हे दोन ठोके एकमेकांपासून सुटे कसे झाले, त्यासाठी कोणते भाजक वापरले गेले आणि पुढे ते पुन्हा का जोडले गेले, हाच या विषयाचा इतिहास आहे.

एकाच क्रिस्टलचा संगणक

आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा त्याच्या मदरबोर्डवर १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता. अमेरिकेतील रंगीत टीव्हीच्या एनटीएससी पद्धतीत रंगांची माहिती वाहून नेणारी लहर ३.५७९५४५ मेगाहर्ट्झची असते आणि क्रिस्टलची कंपनसंख्या तिच्या बरोबर चौपट होती. त्यामुळे रंगीत डिस्प्ले कार्डाला टीव्हीजोगा संकेत तयार करण्यासाठी वेगळा क्रिस्टल लागत नसे. हीच कंपनसंख्या तिनाने भागून ४.७७ मेगाहर्ट्झचा ठोका मिळे आणि तो ८०८८ या प्रोसेसरला दिला जाई. प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झचा असल्याने हा ठोका त्याच्या क्षमतेच्या किंचित आत बसत होता.

या संगणकात पाच विस्तार स्लॉट होते. त्यांची बस ८ बिटांची आणि प्रत्येक स्लॉट ६२ संपर्कांचा होता. बसला जाणारा ठोका थेट प्रोसेसरचाच होता आणि दोघांच्या मध्ये कसलाही भाजक नव्हता. कार्डे बनवणाऱ्यांच्या दृष्टीने त्यात अडचण नव्हती, कारण या घराण्यातल्या सगळ्या संगणकांचा वेग तेव्हा ४.७७ मेगाहर्ट्झ एवढाच होता. त्या वेगावर चाललेले कार्ड सगळीकडे चाले.

आयबीएमची नक्कल करणाऱ्या कंपन्यांनी ८ आणि १० मेगाहर्ट्झचे 'टर्बो' संगणक काढले, तेव्हा ही सोपी व्यवस्था मोडली. अशा संगणकांवर वेग कमी करणारे टर्बो बटण असे. ४.७७ मेगाहर्ट्झ गृहीत धरून लिहिलेले खेळ जलद संगणकावर अतोनात वेगाने पळत, म्हणून हे बटण मुख्यतः बसवले गेले. पण ज्या बोर्डांत बसही प्रोसेसरबरोबर धावे, तिथे जुने कार्ड अडले की तेच बटण कामी येई. प्रोसेसरचा वेग आणि कार्डाची सहनशक्ती यांच्यातला ताण घरगुती संगणकावर इथे पहिल्यांदा ठळकपणे दिसला.

एटी आणि क्रिस्टलची अदलाबदल

ऑगस्ट १९८४ मध्ये आलेल्या आयबीएम पीसी/एटीमध्ये ८०२८६ हा प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चालत असे. जुन्या ६२ संपर्कांच्या स्लॉटपुढे ३६ संपर्कांचा आणखी एक तुकडा जोडून बस १६ बिटांची केली होती. पुढे आयएसए या नावाने ओळखली गेलेली बस ती हीच. एटीच्या मदरबोर्डवर प्रोसेसरसाठी १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता आणि त्याचा निम्मा ठोका प्रोसेसरला मिळे. हा क्रिस्टल सॉकेटमध्ये बसवलेला असल्याने हाताने काढता येई.

हौशी लोकांनी ही सोय लगेच हेरली. १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल काढून १६ चा बसवला की प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झवर चाले आणि १८ चा बसवला की ९ वर. थोडक्या पैशांत संगणक एक तृतीयांशाने किंवा दीडपटीने जलद होत असे. आयबीएमला हे रुचले नाही. नंतरच्या एटीच्या बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्राममध्ये, सुरुवातीलाच वेग तपासणारी चाचणी घातली गेली. प्रोसेसर अपेक्षेपेक्षा जलद आढळला की ती चाचणी संगणक पुढे जाऊ देत नसे. ओव्हरक्लॉकिंग रोखण्याचा उत्पादकाने केलेला हा एक अगदी आरंभीचा प्रयत्न होता.

क्रिस्टल बदलल्यावर विस्तार बसही ८ किंवा ९ मेगाहर्ट्झवर जाई, कारण एटीतही भाजक नव्हता. सारी कार्डे हा वेग सोसत नसत. १९८६ मध्ये आयबीएमने स्वतःच ८ मेगाहर्ट्झची एटी काढली आणि ८ हा आकडा कार्डे बनवणाऱ्यांसाठी नवा पाया ठरला. त्यानंतरची निदान दहा वर्षे आयएसए कार्डाकडून हमखास अपेक्षा ठेवता येई, ती याच वेगाची.

पहिली फारकत

प्रोसेसर १२, १६, २० मेगाहर्ट्झवर गेले तेव्हा बसला त्यांच्या मागे ओढणे अशक्य झाले. कॉम्पॅकने सप्टेंबर १९८६ मध्ये काढलेल्या डेस्कप्रो ३८६ मध्ये प्रोसेसर १६ मेगाहर्ट्झवर चाले, विस्तार बस मात्र ८ वरच राही. मेमरीला प्रोसेसरशी जवळून जोडायचे आणि स्लॉटना सावकाश, जुन्या कार्डांना झेपेल असा ठोका द्यायचा, ही मांडणी पुढच्या सगळ्या संगणकांनी उचलली. चिप्स अँड टेक्नॉलॉजीजसारख्या कंपन्यांनी मदरबोर्डवरच्या डझनावारी चिपांचे काम मोजक्या चिपांत आणले. भाजकही त्या चिपसेटमध्येच आला.

सप्टेंबर १९८८ मध्ये एएसटी, कॉम्पॅक, एप्सन, ह्युलेट-पॅकार्ड, एनईसी, ऑलिव्हेटी, टँडी, वाइज आणि झेनिथ या नऊ कंपन्यांनी आयबीएमच्या मायक्रो चॅनेल बसला उत्तर म्हणून ईआयएसए ही ३२ बिटांची बस जाहीर केली. तिच्यात जुनी कार्डे चालावीत म्हणून ठोका ८.३३ मेगाहर्ट्झपर्यंत मर्यादित ठेवला होता. ८.३३ हा आकडा सोयीचाही होता, कारण २५ ला तिनाने, ३३ ला चाराने किंवा ५० ला सहाने भागले की तोच येतो. ४० मेगाहर्ट्झच्या ३८६ साठी पाचाचा भाजक घेतला की बस ८ वर येई.

भाजक चिपसेटमध्ये आला आणि बायोसच्या पडद्यावर त्याची निवड उघड झाली. 'एटी बस क्लॉक' अशा नावाच्या ओळीत पर्याय दिसत. ३३ मेगाहर्ट्झच्या संगणकावर चाराऐवजी तिनाचा भाजक निवडला की बस ११.१ मेगाहर्ट्झवर धावे; ४० च्या संगणकावर चाराचा भाजक घेतला की १० वर. प्रोसेसरला हात न लावता केवळ बसचे ओव्हरक्लॉकिंग इथे पहिल्यांदाच शक्य झाले. त्याचा लाभ डोळ्यांना दिसत असे. त्या काळी डिस्प्ले कार्ड आयएसए स्लॉटमध्येच बसे आणि पडद्यावरचे चित्र बदलण्याचा वेग बसवर अवलंबून असे. बस ८ वरून ११ वर गेली की खेळ आणि विंडोज दोन्ही चपळ वाटत. हार्ड डिस्कचे कंट्रोलर कार्डही त्याच बसवर असल्याने तिथेही फरक पडे.

चूक झाली तर दंडही तिथेच भरावा लागे. साउंड कार्डाचा आवाज तुटे, नेटवर्क कार्ड सापडेनासे होई, फ्लॉपी वाचताना चुका येत. अशा वेळी बायोसमध्ये प्रतीक्षा-ठोके वाढवण्याची सोय होती. लागोपाठच्या दोन व्यवहारांमध्ये एक-दोन रिकामे ठोके घातले की सावकाश कार्डाला उसंत मिळे. मात्र रिकामे ठोके वाढवले की कमावलेला वेग त्यांतच जाई. म्हणून बसचा वेग आणि प्रतीक्षा-ठोके यांचा मेळ घालणे हे त्या काळच्या जाणकाराचे मुख्य कसब होते.

प्रोसेसरलगतची बस

ग्राफिक पडद्यांचे ओझे आयएसएला पेलेना, म्हणून १९९२ मध्ये व्हेसा या संघटनेने स्थानिक बस आणली. बाजारात तिला व्हीएलबी म्हणत. तिच्यात भाजकाची गोष्टच बाजूला ठेवली होती. स्लॉटमधले कार्ड थेट ४८६ प्रोसेसरच्या वाहिन्यांवर बसे आणि प्रोसेसरच्या बाह्य ठोक्यावर चाले. तो ठोका बहुतेक संगणकांत ३३ मेगाहर्ट्झ असे. आयएसएच्या चौपट ठोका आणि दुप्पट रुंदी यांमुळे चित्रांचा वेग फार वाढला.

पण हे सारे ३३ पर्यंतच ठीक होते. ४० मेगाहर्ट्झवर स्लॉटची संख्या कमी ठेवावी लागे आणि ५० मेगाहर्ट्झच्या ४८६डीएक्सवर एखादे कार्ड चालले तरी पुष्कळ. प्रत्येक जादा कार्ड प्रोसेसरच्या वाहिन्यांवर विद्युतभार टाकत असल्याने ठोका वाढला की संकेत वेळेत स्थिर होत नसत. म्हणून मदरबोर्डवर '३३ पर्यंत' आणि '३३ च्या वर' असा जंपर असे. दुसरी जागा निवडली की एक प्रतीक्षा-ठोका वाढे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून सुटे भाग आणून जोडलेल्या असेंबल्ड संगणकांवरही असे जंपर असत आणि ते लावण्याची रीत मदरबोर्डाबरोबरच्या पुस्तिकेत पाहावी लागे.

इंटेलने १९९२ मध्येच ४८६डीएक्स२ काढला. त्याच्या पोटातच गुणक होता, त्यामुळे बाहेर ३३ मेगाहर्ट्झ असताना तो आत ६६ वर चाले. ठोक्यांची ही दुसरी फारकत होती. आता बाहेरचा ठोका, प्रोसेसरचा गुणक आणि बसचा भाजक असे तीन आकडे जुळवायचे होते आणि पुढची वीस वर्षे ओव्हरक्लॉकिंग याच तीन आकड्यांभोवती फिरले.

पीसीआय आणि तीस नॅनोसेकंद

जून १९९२ मध्ये इंटेलने पीसीआय या नव्या बसचे पहिले विनिर्देश प्रसिद्ध केले. ही बस ३२ बिटांची, ३३.३३ मेगाहर्ट्झची आणि सेकंदाला १३३ मेगाबाइट माहिती वाहू शकणारी होती. ती प्रोसेसरच्या वाहिन्यांना थेट न जोडता मध्ये चिपसेटचा पूल ठेवला होता. ठोका मात्र अजूनही प्रोसेसरच्या बाह्य ठोक्याला भागूनच मिळे.

३३.३३ मेगाहर्ट्झवर एक ठोका ३० नॅनोसेकंदांचा असतो आणि विनिर्देशाने हा वेळ काटेकोर वाटून दिला होता. संकेत पाठवणाऱ्या चिपेला तो वाहिनीवर ठेवायला ११ नॅनोसेकंद, संकेत वाहिनीभर पोचून स्थिर व्हायला १०, घेणाऱ्या चिपेला तो पुढच्या ठोक्याआधी तयार मिळावा म्हणून ७ आणि निरनिराळ्या स्लॉटना ठोका किंचित मागेपुढे पोचतो त्यासाठी २. बेरीज बरोबर ३०. पीसीआयमध्ये संकेत वाहिनीच्या टोकापर्यंत जाऊन परत येतो आणि या परावर्तनातूनच त्याला पूर्ण उंची मिळते, म्हणून वाहिनीवरचे १० नॅनोसेकंद अनाठायी नव्हते.

बस ३७.५ मेगाहर्ट्झवर नेली की ठोका २६.७ नॅनोसेकंदांचा होतो आणि ४१.५ वर नेली की २४ चा. कमी झालेले सहा नॅनोसेकंद कुठून तरी काढावेच लागतात. चांगल्या कार्डाची चिप ११ ऐवजी ७-८ नॅनोसेकंदांत संकेत देत असेल तर ते निभावते. अगदी मर्यादेवर घडवलेले कार्ड मात्र अडते. एकाच बोर्डवर एक कार्ड सुरळीत चालते आणि दुसरे दगा देते, त्याचे कारण या हिशेबात आहे.

पंचाहत्तर आणि त्र्याऐंशी

पेंटियम संगणकांत बाह्य ठोका ५०, ६० किंवा ६६ मेगाहर्ट्झ असे आणि पीसीआयला त्याचा निम्मा, म्हणजे २५, ३० किंवा ३३ मिळे. त्यामुळे बसचा वेग प्रोसेसरच्या नावावर लिहिलेल्या आकड्याशी जुळत नसे. पेंटियम १५० हा ६० गुणिले २.५ असा बनलेला असल्याने त्याची पीसीआय बस ३० वर चाले, तर ६६ गुणिले २ अशा पेंटियम १३३ ची बस ३३ वर. बाहेरच्या सावकाश ठोक्यामुळे १५० चा फायदा प्रत्यक्ष कामात बराच घटत असे. नुसता प्रोसेसर जलद असून भागत नाही, हे यातून अनेकांना उमगले.

१९९६-९७ च्या सुमारास ७५ आणि ८३ मेगाहर्ट्झचे बाह्य ठोके देणारे मदरबोर्ड आले. ७५ ला अधिकृत आधारही होता, कारण सायरिक्सचा ६x८६ पी२००+ हा प्रोसेसर ७५ गुणिले २ असाच नेमलेला होता. ८३ मात्र हौशी लोकांसाठी होता. पेंटियम १६६ हा ६६ गुणिले २.५ असा चालवण्याऐवजी ८३ गुणिले २ असा चालवला, तर प्रोसेसरचा वेग १६६ च राही, पण मेमरी आणि कॅश पाव पटीने जलद होत. प्रोसेसरवर काडीचाही ताण न टाकता संगणक जलद होण्याचा हा मार्ग होता. अ‍ॅबिट कंपनीने याच काळात सॉफ्टमेन्यू काढला. त्यामुळे जंपर न हलवता बायोसच्या पडद्यावरून बाह्य ठोका आणि गुणक निवडता येऊ लागले.

अडचण पीसीआयची होती. भाजक फक्त दोनाचा असल्याने ७५ वर ती ३७.५ ला आणि ८३ वर ४१.५ ला जाई. आयएसएचा ठोकाही आता पीसीआयला तीन किंवा चाराने भागून येत असल्याने तो ८.३३ वरून १०.४ पर्यंत चढे. स्कझी कार्डे आणि नेटवर्क कार्डे ४१.५ वर पुष्कळदा हटून बसत.

सर्वांत मोठा धोका हार्ड डिस्कला होता. आयडीई कंट्रोलर चिपसेटमध्ये होता आणि तो डिस्कशी होणाऱ्या व्यवहाराचा वेळ पीसीआयचे ठोके मोजून ठरवी. डिस्कशी देवघेव करण्याच्या पीआयओ या पद्धतीच्या मोड ४ मध्ये एका व्यवहाराला निदान १२० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे ३३ मेगाहर्ट्झचे चार ठोके. बस ४१.५ वर गेली की तेच चार ठोके ९६ नॅनोसेकंदांत संपत आणि डिस्कला तिच्या मर्यादेपेक्षा घाईने माहिती घ्यावी लागे. त्या पद्धतीत माहिती बरोबर पोचली की नाही हे पडताळण्याची सोय नव्हती. संगणक बंद पडत नसे, पडद्यावर चूक दिसत नसे, पण डिस्कवरच्या फाइली हळूहळू बिघडत. नंतरच्या अल्ट्रा डीएमए या पद्धतीत पडताळणीचा आकडा जोडला गेला, तेव्हा असे बिघाड निदान पकडता येऊ लागले.

या अनुभवांतून एक शिस्त तयार झाली. बस वाढवण्याआधी डिस्कवरच्या महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ठेवायची. ठोका एका वेळी एकाच पायरीने वाढवायचा. डिस्कचा पीआयओ मोड एकाने खाली आणून पाहायचे. बिघाड आला तर डिस्प्ले कार्ड सोडून बाकीची कार्डे काढायची आणि एकेक परत बसवत दोषी कार्ड शोधायचे. संगणक सुरूच होईना तर बायोसची मेमरी पुसणारा जंपर वापरून मूळ आकड्यांवर यायचे. प्रोसेसर दोषी की बस, हे ओळखण्यासाठी गुणक कमी करून ठोका तसाच ठेवायचा. तरीही चूक राहिली तर प्रोसेसरवरचा संशय बराचसा फिटे आणि शोध बस किंवा मेमरीकडे वळे. यातली पद्धत प्रयोगशाळेत शोभावी अशी होती आणि ती घरोघरच्या टेबलांवर विकसित झाली.

सेलेरॉन ३००ए

१९९८ मध्ये दोन गोष्टी जुळून आल्या. स्वस्त प्रोसेसरवर वरच्या वेगाचा शिक्का मारून विकणाऱ्या व्यापाऱ्यांना आळा घालण्यासाठी इंटेल आपल्या प्रोसेसरमधला गुणक बंदिस्त करू लागली. त्यामुळे ओव्हरक्लॉकिंगसाठी बाह्य ठोका वाढवणे एवढाच मार्ग उरला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ४४०बीएक्स हा चिपसेट आला. त्याचा अधिकृत बाह्य ठोका १०० मेगाहर्ट्झ होता आणि पीसीआयसाठी दोनाखेरीज तिनाचा भाजकही उपलब्ध होता.

ऑगस्ट १९९८ मध्ये आलेला सेलेरॉन ३००ए हा ६६ गुणिले ४.५ असा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता. त्याची १२८ किलोबाइटची कॅश त्याच चिपेवर होती आणि पूर्ण वेगाने चाले. बाह्य ठोका ६६ वरून १०० वर नेला की तो ४५० वर पोचे आणि मोठ्या संख्येने हे प्रोसेसर तो वेग सहन करत. त्याच दिवशी जाहीर झालेल्या, कितीतरी महाग अशा पेंटियम २ ४५० च्या बरोबरीने तो बहुतेक कामे करी.

या प्रोसेसरची कीर्ती त्याच्या कॅशमुळे झाली, पण यशात भाजकाचाही तेवढाच वाटा होता. ६६ ला दोनाने भागले तरी ३३ आणि १०० ला तिनाने भागले तरी ३३. प्रोसेसर दीडपट जलद झाला तरी कार्डांना आणि हार्ड डिस्कला त्याचा पत्ताही लागत नसे. उलट मधला ८३ चा थांबा जास्त जोखमीचा होता, कारण तिथे दोनाचाच भाजक लागू होऊन पीसीआय ४१.५ वर जाई. ज्यांचा संगणक ८३ वर अडखळे, त्यांना १०० वर तो शांतपणे चालताना पाहून नवल वाटे. ज्या मदरबोर्डांवर ठोका निवडता येत नसे, तिथे प्रोसेसरच्या बी२१ या संपर्कावर चिकटपट्टी लावत. तो संपर्क झाकला की बोर्डला प्रोसेसर १०० मेगाहर्ट्झचा वाटे.

यातून एक नियम सर्वांच्या तोंडी बसला: ६६, १०० आणि १३३ हे सुरक्षित थांबे, कारण तिथे दोन, तीन आणि चाराचे भाजक पीसीआयला ३३ वर परत आणतात. मधल्या प्रत्येक आकड्याला थोडी किंमत होती. ११२ वर तिनाचा भाजक पीसीआयला ३७.३ वर नेई, १२४ वर ४१.३ वर.

एजीपीचा पेच

डिस्प्ले कार्डांसाठी इंटेलने १९९६ मध्ये एजीपी हा वेगळा स्लॉट आखला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे त्याच्या रचनाकारांपैकी एक. एजीपीचा ठोका ६६ मेगाहर्ट्झ असे आणि तोही बाह्य ठोक्यापासून निघे. ४४०बीएक्समध्ये त्यासाठी दोनच पर्याय होते, पूर्ण किंवा दोन तृतीयांश. ६६ वर पूर्ण आणि १०० वर दोन तृतीयांश घेतले की एजीपी ६६ वर राही.

१३३ वर मात्र गाडी अडे. पीसीआयसाठी चाराचा भाजक मिळे, पण एजीपीसाठी निम्म्याचा पर्याय नसल्याने दोन तृतीयांशाने ती ८८.९ मेगाहर्ट्झवर जाई, म्हणजे एक तृतीयांशाने जास्त. १०० गुणिले ७ असा पेंटियम ३ ७००ई हा १३३ वर ९३३ होऊ शकत असे, पण ते साधेल की नाही हे डिस्प्ले कार्डावर ठरे. म्हणून खरेदीपूर्वी लोक एखाद्या कार्डाची चित्रगती पाहत तशी ते ८९ वर टिकते का याचीही चौकशी करत. एजीपीसाठी निम्म्याचा भाजक व्हीआयएच्या अपोलो प्रो १३३ए आणि २००० सालच्या इंटेल ८१५ या चिपसेटांत आला. तरीही मेमरीच्या वेगामुळे अनेकांनी जुना ४४०बीएक्सच १३३ वर चालवणे पसंत केले.

एएमडीच्या अ‍ॅथलॉनसाठीच्या व्हीआयए चिपसेटांतही हीच शर्यत चालू राहिली. १३३ च्या वर १६६ पर्यंत जायचे तर पीसीआयला पाचाचा भाजक हवा होता. तो नसताना १५० वर पीसीआय ३७.५ आणि एजीपी ७५ होई. २००२ मधल्या केटी३३३ मध्ये हा भाजक मिळाला.

ठोक्याला कुलूप

प्रत्येक नव्या थांब्यासाठी नवा भाजक देत राहण्यापेक्षा पीसीआय आणि एजीपीला बाह्य ठोक्यापासून पूर्ण तोडणे सोपे, हे अखेर चिपसेट बनवणाऱ्यांनी मान्य केले. एनव्हिडियाच्या २००२ मधल्या एनफोर्स२ मध्ये एजीपी ६६ आणि पीसीआय ३३ वर कायम ठेवता येई, मग बाह्य ठोका काहीही असो. वापरणारे याला 'पीसीआय लॉक' म्हणू लागले. पेंटियम ४ च्या ८६५ आणि ८७५ चिपसेटांवरही ही सोय रूढ झाली.

परिणाम तत्काळ दिसला. ११ गुणिले १६६ असा अ‍ॅथलॉन एक्सपी २५००+ हा ११ गुणिले २०० केला की थेट ३२००+ च्या वेगाने चाले आणि डिस्कला धक्का बसत नसे. १२ गुणिले २०० असा पेंटियम ४ २.४सी हा २५० वर नेला की ३ गिगाहर्ट्झ होई. जुन्या पद्धतीने सहाचा भाजक असता तर त्याच वेळी पीसीआय ४१.७ वर गेली असती. आता मधले सारे आकडे मोकळे झाले आणि एकेक मेगाहर्ट्झने वर सरकता येऊ लागले. अ‍ॅथलॉन ६४ साठीच्या व्हीआयए के८टी८०० मध्ये कुलूप नव्हते, तेव्हा त्याच्या बोर्डांवर मर्यादा लवकर येई. पुढच्या वर्षीच्या के८टी८०० प्रोमध्ये ती उणीव भरून काढली गेली.

पीसीआय एक्स्प्रेस

२००४ मध्ये इंटेलच्या ९१५ आणि ९२५एक्स चिपसेटांबरोबर पीसीआय एक्स्प्रेस घरगुती संगणकांत आली. तिच्यात सामायिक वाहिन्या नाहीत. प्रत्येक कार्डाला स्वतःच्या जोड्या मिळतात आणि ठोक्याची माहिती संकेतातच मिसळलेली असते. स्लॉटला १०० मेगाहर्ट्झचा संदर्भ-ठोका दिला जातो आणि त्याच्या पंचवीसपट, म्हणजे सेकंदाला २.५ अब्ज बदल, असा पहिल्या पिढीचा वेग होता. इथे चुकीची मुभा फार थोडी असल्याने हा ठोका १०० वर स्थिर ठेवणे हीच रूढ पद्धत झाली. २००६ मध्ये एनव्हिडियाने लिंकबूस्ट या सोयीखाली एनफोर्स ५९० एसएलआय बोर्डांवर, जुळणारे कार्ड असेल तर, तो १२५ पर्यंत नेण्याची व्यवस्था केली होती. पण आधीच मुबलक असलेल्या वेगात त्याने फारशी भर पडली नाही.

कोअर २ ड्युओच्या काळात या स्वातंत्र्याचा पुरेपूर उपयोग झाला. ७ गुणिले २६६ असा ई६३०० हा प्रोसेसर ४०० वर नेऊन २.८ गिगाहर्ट्झवर चालवणारे पुष्कळ होते. त्या वेळी पीसीआय एक्स्प्रेस १०० वर आणि पीसीआय ३३ वरच राही.

पुन्हा एकच ठोका

जानेवारी २०११ मध्ये इंटेलची सँडी ब्रिज ही पिढी आली आणि चित्र उलटले. ठोका निर्माण करणारी स्वतंत्र चिप काढून तिचे काम चिपसेटमध्येच घेतले गेले. प्रोसेसर, मेमरी, पीसीआय एक्स्प्रेस आणि साटा डिस्क या साऱ्यांना १०० मेगाहर्ट्झचा एकच मूळ ठोका मिळू लागला. रचना सुटसुटीत आणि स्वस्त झाली, पण हा ठोका सुमारे १०५ च्या वर नेला की डिस्क आणि कार्डे अडू लागत. तीस वर्षांपूर्वीच्या आयबीएम पीसीतली अडचण नव्या रूपात परतली होती. यावर उपाय म्हणून इंटेलने गुणक मोकळा असलेले, नावात 'के' अक्षर असलेले प्रोसेसर वेगळ्या किमतीला विकले. ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांना ओव्हरक्लॉकिंगचा रस्ता जवळपास बंद झाला.

त्याच वर्षाअखेरच्या सँडी ब्रिज-ई मध्ये आणि नंतर २०१३ च्या हॅसवेलमध्ये १, १.२५ आणि १.६७ अशी गुणोत्तरे देण्यात आली. त्यांनी प्रोसेसरचा मूळ ठोका १२५ किंवा १६७ केला तरी पीसीआय एक्स्प्रेस १०० च्या आसपास राही. भाजकाचीच ही नवी आवृत्ती होती आणि तिचेही ठरावीक थांबे होते. ऑगस्ट २०१५ च्या स्कायलेकमध्ये पीसीआय एक्स्प्रेसला पुन्हा स्वतंत्र ठोका मिळाला आणि मूळ ठोका मोकळा झाला. काही महिन्यांतच मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी 'के' नसलेले प्रोसेसरही मूळ ठोका वाढवून जलद चालवून दाखवले. २०१६ च्या आरंभी इंटेलने मायक्रोकोड बदलून ती वाट अडवली. म्हणजे बसची अडचण तांत्रिक अंगाने सुटल्यावर उरलेली मर्यादा उत्पादकाच्या विक्रीच्या धोरणाची होती.

आजच्या संगणकांत पीसीआय एक्स्प्रेसचा संदर्भ-ठोका १०० मेगाहर्ट्झवर ठेवून गुणकानेच वेग वाढवणे ही सर्वसाधारण रीत आहे. तिसऱ्या पिढीपासून या बसचा वेग सेकंदाला ८ अब्ज बदल आणि त्याहून अधिक झाल्याने ठोक्यातला लहानसा फेरफारही तिला जाचतो, आणि तो वाढवून मिळणारा लाभ नगण्य असतो. एटीचा क्रिस्टल, आयएसएचा भाजक, ८३ ची जोखीम, १३३ चा थांबा आणि पीसीआयचे कुलूप या प्रत्येक टप्प्यावर प्रश्न एकच होता: जलद भागाला मोकळे सोडताना सावकाश भागाला त्याच्या गतीने चालू द्यायचे कसे. ज्या मदरबोर्डांनी त्याचे नीट उत्तर दिले, त्यांवरच ओव्हरक्लॉकिंग सुरक्षित झाले.